डाकोटाचा डावा पंख

माझे सासरे नागोराव कुणाचंच ऐकत नाहीत. निम्मं कान गेल्यामुळे आणि निम्मं स्वभावामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्यावर चिडलेली दिसले तर कुणाला नवल वाटायला नको.

कुरिअरवाला राजूरच्या चौकातून फोनवर फोन करत आमच्या वस्तीत पोचला, तेव्हा मी मशीनवर बसून शेजारच्या मानीबाईच्या ब्लाउजला बाही जोडत होते. शिवणकाम हा माझा धंदा. खोका चपटा होता, कोपरे चेपलेले, झाकणावर ढगांतून निघालेलं जुन्या काळचं विमान. माझ्या नवऱ्यानं, अश्वजितनं, कलकत्त्याच्या कुणा जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून तो मोबाइलवर मागवला होता. घरातला मिक्सर उन्हाळ्यापासून बंद, आणि या डंपर चालवणाऱ्या माणसानं बापाला खेळणं आणलं! मी तोंड उघडणारच होते, पण बाबांकडे पाहिलं आणि गप्प बसले. खोका हातात घेऊन ते खालीच बसले होते.

"हे थेच हाये," ते म्हणाले. "डाकोटा. अश्वजित, कुठून आणलं बे हे?"

त्यांची आई पूर्वी खाणीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर भांडी घासायची. मॅनेजरची बदली झाली तेव्हा मेमसाहेबांनी असाच एक न उघडलेला खोका तिच्या पदरात टाकला. बाबा आणि त्यांचा जिवलग दोस्त श्रावण, दोघांनी मिळून ते प्लास्टिकचं विमान जोडलं. आतली चिकटवायची नळी वाळून दगड झाली होती, म्हणून सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं. विमान उभं राहायचं, पण दुसऱ्या दिवशी पंख गळालेले असायचे. पुन्हा लावायचे, पुन्हा गळायचे. तरी ते श्रावणच्या घरी टिनाखालच्या तारेला कितीतरी वर्षं टांगलेलं होतं. श्रावण छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा त्याच्या बायकोनं ते त्याच्यासोबत सरणावर ठेवलं. ती बायको म्हणजे आमची मानीबाई. तिचं आणि आमचं अंगण एकच.

बाबा जमिनीखालच्या खाणीत टिंबर मिस्त्री होते. कोळसा काढून पोकळी झाली की वरचं छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे टेकू लावायचे, हे त्यांचं काम. छत ठोकून पाहायचं, एका हातात सळई आणि दुसऱ्या हाताचा तळवा छताला. खणखणीत लागलं तर ठीक, भद्द लागलं तर माणसं मागे. स्फोटांनी कान गेले, पण तळहात शाबूत राहिला. अजूनही ते दिसेल ते ठोकतात. टरबूज ठोकतात, माठ ठोकतात, एसटीची खिडकी ठोकतात. मला बघायला आले तेव्हा आमच्या घराची भिंत ठोकून माझ्या वडिलांना म्हणाले होते, "घर मजबूत हाये, पोरगीही असंल." माझी आई अजून हसते त्यावर.

एकदा खाली खाणीत ते आणि श्रावण डबा खायला बसले होते. शेजारच्या टेकूतून करकर आली. श्रावण म्हणाला, उंदीर असेल. बाबांनी काही न बोलता त्याची कॉलर धरली आणि त्याला फरफटत मागे नेलं. ते बसले होते ती जागा त्यांच्या मागे बंद झाली. डबे तिथेच राहिले. लाकडाचं असं असतं म्हणे. लोखंड गुपचूप वाकतं, लाकूड मात्र आधी बोलतं आणि मग मोडतं. त्या दिवसापासून बाबांचं एक वाक्य वस्तीत काळ्या दगडावरची रेघ झालं. "बोलल्याबिगर पडत नाही."

आमची वस्ती त्या जुन्या खाणीच्या वरच आहे. खाण बंद झाली, माणसं निवृत्त झाली, घरं राहिली. खाली काय आहे याचा विचार कुणी रोज करत नाही, तसा केला तर चूल पेटणार नाही.

यंदा पोळ्यानंतर मात्र करावा लागला. वस्तीला लागून किसनरावांचं सोयाबीन आहे. तिथं सकाळी गोल भगदाड दिसलं, बैलजोडी मावेल एवढं. आदल्या दिवशी गडी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन तिथूनच फिरला होता. बघायला सगळी वस्ती जमली. कुणीतरी धोंडा टाकला आणि सगळे कान देऊन उभे राहिले. खालून आवाज आलाच नाही. मग बायका पोरांना दंडाला धरून घरी निघाल्या.

त्यानंतर हातपंपाला पाणी येईना. आमच्या मागच्या खोलीत, बाबांच्या पलंगाच्या डोक्याशी, भिंतीला केसासारखी चीर दिसली. त्या खोलीचं दार लागेनासं झालं. पावसानं फुगलं असेल म्हणून मी साबण घासला. फरशी पुसली की पाणी मोरीकडे जाण्याऐवजी भिंतीकडे जाऊ लागलं. मी गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माणसाला भीतीपेक्षा राग सोयीचा पडतो, मला तर फारच.

वस्ती बाबांकडे आली. किसनराव पुढे, बाकीचे मागे.

"नागोराव, घरं सोडाव का आता?" किसनरावांनी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून विचारलं.

बाबा घराघरांत गेले. प्रत्येक भिंतीला तळवा लावला, दुसऱ्या हातानं ठोकलं, डोळे मिटून उभे राहिले. शेवटी अंगणात येऊन म्हणाले, "जमीन सरकते थोडीबहुत. पावसाळा हाये. पण पडाचं असलं तं आधी बोलते. तुमाले कान हायेत न? ऐकत राहा. बोलल्याबिगर पडत नाही."

लोकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांनी गाठोडी बांधली होती त्यांनी ती सोडली.

आणि बाबा विमानाकडे वळले. मागच्या खोलीतच, चिरेच्या शेजारी, टेबल लावून. प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला सुटे भाग लागलेले असतात. ते माझ्या नेलकटरनं तोडायचे, पॉलिश पेपरनं घासायचे. जुनं प्लास्टिक जिलेबीसारखं ठिसूळ झालेलं, जोरात धरलं की कडकन जायचं. चिकटवायचं सोल्युशन या वेळी अश्वजितनं नवीन आणलं. त्याच्या वासानं माझं डोकं धरायचं. बाबा मात्र तो वास असा ओढायचे, जणू आईच्या हातची भाकर भाजली जातेय. पोपडे उडालेल्या भिंतीशी पाठ करून, नाकाच्या टोकावर चष्मा, ओठांत टाचणी. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सत्तरीचा माणूस, पण चेहरा शाळा बुडवलेल्या पोराचा.

पंख मात्र काही केल्या जागेवर राहीना. जन्मभर टेकू ओळंब्यानं आणि पाणसळीनं लावले, तेव्हा विमानही ते तसंच लावणार. गवंड्याची बुडबुडेवाली लहान पाणसळ पंखांवर आडवी ठेवायची, बुडबुडा बरोबर मध्ये आला की हात काढायचा. दुसऱ्या दिवशी बघावं तर डावा पंख उतरलेला.

"काय वं निकिता, टेबलाले धक्का मारतेस का?"

"मी त्या खोलीत पाय ठेवत नाही, बाबा. वास येतो."

"मंग पंख काहून पडते?"

"जुना माल आहे. मी आधीच म्हटलं होतं."

ते सांधा पातीनं हलकेच उचकटायचे, डावा पंख वर करायचे, बुडबुडा मध्ये आणायचे, पुन्हा चिकटवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि यात त्यांना वाईट वाटायचं सोडून हसूच यायचं. "श्रावणच्या वक्ताले असंच व्हाचं," ते सासूबाईंना सांगायचे. "पंख गळाले का थो मले शिव्या देत जाय. थोच आला वाटते पुन्हा." माझ्या सासूबाई, तुळसाबाई, मान हलवायच्या. त्या कमी बोलतात. या घरात कुणीतरी कमी बोलायला हवंच.

मी मनाशी म्हणायची, श्रावणभाऊ आले असतील तर पंख पाडायला कशाला येतील?

दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलो. आल्यावर बाबा आधी विमानाकडे गेले. डावा पंख चांगलाच उतरला होता. त्यांनी तो सारखा केला, सोल्युशन वाळू दिलं आणि मला हाक मारली. विमान पुरं झालं होतं, फक्त पाण्यात भिजवून लावायची चित्रं राहिली होती. टेबलावर ते खरंच देखणं दिसत होतं. नाक वर, शेपटी खाली, पंख सरळ रेषेत.

"उचलून पाह्य," ते म्हणाले. त्यांनी कुणाला हात लावू दिला म्हणजे मोठाच मान होता.

मी दोन्ही हातांनी उचललं आणि डोळ्यांसमोर धरलं. डावा पंख वर होता. थोडाथोडका नाही, वर्गात बोट वर करणाऱ्या पोरासारखा. खाली ठेवलं, सरळ झालं. पुन्हा उचललं, पुन्हा वाकडं.

माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे, तिचा एक खांदा उतरलेला आहे. तिचं ब्लाउज तिच्या अंगावर बरोबर बसतं, पण हँगरला अडकवलं की वेडंवाकडं दिसतं. कारण कापड वाकडं नसतं, अंग वाकडं असतं. हे मला रोजचं आहे. पण ते इथं आठवलं आणि मी विमान हातात धरूनच टेबलाकडे पाहिलं.

"बाबा," मी ओरडले, "विमान वाकडं नाहीये. टेबल वाकडं आहे."

"टेबल मी सुरुवातीलेच पाह्यलं व्हतं. पाणसळीत व्हतं."

"तेव्हा होतं. आता बघा."

त्यांनी पाणसळ टेबलावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. ती त्यांनी फरशीवर ठेवली. तिथंही तसाच. मग त्यांनी विमान माझ्या हातातून घेतलं आणि फरशीवर उभं केलं. चाकं त्यांनी फिरती ठेवली होती, त्याचा त्यांना अभिमान होता. हात काढला तसं विमान जरा थांबलं आणि कुणीही न ढकलता, संथपणे, चिरेच्या भिंतीकडे निघालं. भिंतीला नाक टेकलं तेव्हा टक् असा आवाज झाला. मी तो ऐकला. बाबांनी नाही.

त्यांनी विमान उचलून घेतलं. मग म्हणाले, "पण बोललं कसं नाही? मले ऐकू येत नाही, तुमाले तं येते. लाकूड आधी बोलते."

दारात सासूबाई उभ्या होत्या. पुढे येऊन त्यांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "लाकूड हाये कुठं खाली? खाण बंद झाली तवा तुम्हीच न सारे टेकू काढून आणले? आपल्या गोठ्याले थेच तं लागले."

खाण बंद करताना लाकूड काढून घेतातच, ती पद्धतच आहे. त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण हे काम ज्यांनी स्वतःच्या हातांनी केलं, त्यांनाच ते आठवलं नव्हतं. खाली आता फक्त पोकळी होती आणि तिला बोलायला जीभ नव्हती. बाबांचा चेहरा मी पाहिला आणि तिथून नजर काढून घेतली. रागावलेल्या सुनेलाही काही गोष्टी बघवत नाहीत.

आम्ही त्याच दिवशी वणीला भाड्याच्या खोल्यांत गेलो. निघण्याआधी बाबा प्रत्येक दारात उभे राहून सांगत होते, निघा, निघा. पण लोकांनी पाहिलं मानीबाईकडे. नागोरावाच्या शब्दाची किंमत तिच्याइतकी कुणाला माहीत होती? आणि मानीबाई आपल्या उंबऱ्यावर बसून राहिली.

"मानीबाई, चाल," बाबा म्हणाले. "माहं चुकलं."

"नागोभाऊ, तुमचं कसं चुकंल?" ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुम्ही म्हणत व्हते, बोलल्याबिगर पडत नाही. त्या शब्दावर माहा नवरा जिता राह्यला. आता म्हणता, न बोलता पडते. या शब्दावर कोण जिता राह्यला, थे सांगा. तवर मी पहिलाच शब्द धरून राहीन."

दोनचार घरं उठली, बाकी सगळी वस्ती राहिली.

मग बाबांचा एक नेम सुरू झाला. सकाळी शेअर ऑटोनं जायचं, मानीबाईच्या दारासमोरच्या कडुनिंबाखाली बसायचं आणि तिला चल म्हणायचं. ती नाही म्हणायची. ते बसूनच राहायचे. तिच्या भिंतीला तळवा लावायचे, पुन्हा येऊन बसायचे. मी दुपारी डबा घेऊन जायची. रोज तिथून निघताना माझ्या पायांखालची जमीन मला परक्याची वाटायची, आणि पाऊल हलकं टाकलं तर काही फरक पडेल असं वाटून मी चवड्यांवर चालायची. हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं.

त्या दिवशी मी ऑटोतून उतरून अंगणाच्या तोंडाशी आले होते. बाबा कडुनिंबाखाली, आणि मानीबाई चहाची कपबशी घेऊन घरातून बाहेर येत होती. बाबांनी घरात येऊन प्यावा असं तिचं म्हणणं असायचं, ते जात नसत, म्हणून ती कटकट करत बाहेर आणून द्यायची. तेवढ्यासाठीच ती बाहेर होती. तिनं कपबशी त्यांच्या हातात दिली. तिच्या मागे घराची भिंत उभीच्या उभी खाली गेली. पडली नाही, गेली. आधी काही नाही, करकर नाही, माती गळणं नाही, भांडं हललं नाही. एक भिंत होती आणि मग नव्हती. त्यानंतर टिनं कोसळली, आणि त्यांचा जो गडगडाट झाला तो झाला. धूळ उडाली. मी डबा टाकून धावले आणि दोघांना रस्त्यापर्यंत ओढत आणलं. मानीबाईच्या घराच्या जागी खड्डा होता, आणि त्यात तिची चूल, तिचा पलंग, श्रावणभाऊंचा फोटो.

सगळी वस्ती रस्त्यावर आली. बाबांच्या हातात अजून कपबशी होती, चहा सांडून गेलेला. त्यांनी मानीबाईकडे पाहिलं. त्यांचा आवाज तेव्हा लहान मुलासारखा झाला होता.

"मानीबाई, मले तं ऐकू येत नाही. पडाच्या आधी बोललं का वं थे?"

मी तिथंच होते. मानीबाईही होती, आणि तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचं घर नुकतंच जमिनीत गेलं होतं, आणि त्या बाईला या माणसाची दया आली.

"बोललं न भाऊ," ती त्यांच्या कानाशी ओरडली. "करकर, करकर. मी ऐकलं म्हून तं बाहेर आली."

बाबांनी डोळे मिटले. मागे उभे असलेल्या सगळ्यांनीही ते ऐकलं होतं. "म्हणजे नागोराव बरोबरच व्हते," किसनराव म्हणाले. मी किसनरावांना म्हणाले, खोटं आहे, काही बोललं नाही, मी समोर होते. मला ऐकतं कोण? मी वणीला पळून गेलेली सून. ज्या बाईचं घर गेलं तीच सांगते आहे, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा होता? संध्याकाळी निघताना पाहिलं, तर बाकीच्या घरांतून चुलींचा धूर निघत होता. मानीबाई पलीकडच्या घरात, तिथल्या बाळंतिणीसोबत राहिली. सगळे आता कान देऊन बसणार होते, आणि आवाज होईपर्यंत कुणी हलणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नेम मोडला. वस्तीवर गेले नाहीत. वणीच्या खोलीत टेबल मांडलं, वाटीत पाणी घेतलं आणि विमानाची राहिलेली चित्रं भिजत घातली. डावा पंख त्यांनी हातात धरून, डोळ्यांनी बघून, सरळ केला होता. काहीतरी गुणगुणत होते. त्यांना स्वतःला ऐकू येत नसल्यानं सूर कुठल्या कुठे.

"त्याईले सांगू नको," अश्वजित मला स्वयंपाकघरात म्हणाला. "इतक्या दिवसांनी झोपले थे. जीव घेशील तू त्यायचा."

"आणि तिकडे झोपलेत त्यांचं काय?"

"मी जातो सांगाले."

"तू सांगून ऐकतील? मी सांगून ऐकलं? त्यांना फक्त बाबांचंच पटतं."

मी दाराशी उभी राहिले आणि बाबांकडे पाहत राहिले. चिमट्यानं ते ओलं चित्र अलगद सोडवत होते. देवाशपथ सांगते, आणि देव आम्ही मानत नाही तरी सांगते, त्या क्षणी मला ते सुख त्यांच्याकडे राहू द्यावंसं वाटलं. पण तिकडे वस्तीत मानीबाईसोबत ती बाळंतीण आहे, हे मी विसरू शकत नव्हते. तिच्या पोराच्या झबल्यांचं माप माझ्या वहीत होतं.

आमच्या बाबांना काही हळू सांगता येत नाही. त्यांना खरं सांगायचं तर ओरडावं लागतं, गल्लीनं ऐकलं तरी. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले.

"बाबा, मानीबाई खोटं बोलली. काहीच बोललं नव्हतं. भिंत गुपचूप गेली."

ते थांबले. चिमटा तसाच हवेत.

"तू व्हतीस?"

"समोर होते. ती तुम्हाला चहा द्यायला बाहेर आली, म्हणून वाचली. ऐकून नाही."

"मंग तिनं कायले सांगतलं तसं?"

"तुमच्यासाठी."

त्यांनी चिमटा ठेवला. टेबलावर तळवा टेकवला, जणू लाकूडच त्यांना सांगणार होतं की ही पोरगी खरं बोलते आहे की नाही. मला वाटलं, ते रडतील किंवा माझ्यावर ओरडतील. ते उठले आणि चपला शोधू लागले. वाटीतलं चित्र कागदापासून सुटून पाण्यावर तरंगत होतं, ते तसंच राहिलं.

मी त्यांच्या मागून ऑटोत चढले. ट्रकांच्या धुळीनं रस्ता दिसत नव्हता. वस्तीवर पोचलो तेव्हा बायका त्या पलीकडच्या घराच्या ओसरीवर सरकी निवडत बसल्या होत्या, मानीबाई त्यांच्यात, बाळंतीण दाराशी पोराला पाजत होती. बाबांना पाहून किसनराव लगबगीनं खुर्ची घेऊन आले. बाबा बसले नाहीत. कालपासून त्यांच्या शब्दाला आला होता तेवढा मान त्यांना उभ्या जन्मात मिळाला नसेल, आणि हे त्यांना त्या खुर्चीकडे पाहून कळलं असणार.

"ऐका," ते म्हणाले. ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं, फार मोठ्यानं. "काल काही बोललं नाही. मानीबाईनं मले बरं वाटावं म्हून सांगतलं. खाली लाकूड नाही, म्या माह्या हातानं काढलं. मी तुमाले जे सांगत आलो थे खोटं हाये. नागोराव खोटा हाये. कान देऊन बसू नका, पोरं उचला."

ओसरीवर कुणी हललं नाही. सगळे मानीबाईकडे पाहत होते. ती बाबांकडे पाहत होती, आणि इतक्या वर्षांत प्रथमच मी तिचे डोळे भरलेले पाहिले. मग तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं, बाळंतिणीच्या हातातून पोर घेतलं आणि रस्त्याला लागली.